निजमाळ

बायजाबाई घरत आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात आठ वर्षं होत्या आणि त्या आठ वर्षांत त्यांनी सभागृहात एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. पालकसभेचा चहा असो की स्नेहसंमेलनाचा नाश्ता, किटली घेऊन त्या दारापर्यंत यायच्या आणि उंबऱ्याबाहेर थांबायच्या. आत न्यायचं काम दुसरं कुणीतरी करायचं. मला वाटायचं, बाई बुजतात. एकदा मी म्हटलंसुद्धा, "बायजाबाई, या की आत. तुम्ही काय परक्या आहात?"

त्या हसल्या. "नको बाई. माझं पाय मातीचं."

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. पाय स्वच्छ होते. मग मी तो विषय सोडून दिला.

आमची शाळा निवासी. बेलापूरहून उरणला जाणाऱ्या रस्त्यावर, उलव्याच्या अलीकडे, डोंगराचा पायथा कापून सपाट केलेल्या जागेवर १९८८ साली उभी राहिली. पाचवी ते दहावी, दोनशे ऐंशी मुलं-मुली. कुणाचे वडील आखातात, कुणाचे बोटीवर, कुणाचे आईवडील दोघंही नोकरीत. मी मराठी शिकवायला १९९१ मध्ये आले आणि मुलींच्या वसतिगृहातल्याच दोन खोल्यांत राहिले. पहाटे साडेपाचची घंटा, कवायत, प्रार्थना, सहा तास, संध्याकाळी खेळ, मग अभ्यासिका. शनिवारी 'बाहेरची शाळा' असायची. वर्ग भिंतींच्या आत भरायचाच नाही. मुलं मिठागरावर जायची, वाशीच्या एपीएमसी मार्केटात जाऊन कांदा कुठकुठून येतो ते नकाशावर मांडायची, खाडीकाठी बसून चित्रं काढायची. माझ्या वाट्याला आठवी-नववीची 'बोलीवही' होती. आजूबाजूच्या गावांतल्या माणसांशी बोलायचं, त्यांचे शब्द अर्थासकट वहीत उतरवायचे. माझीच कल्पना होती आणि मला तिचा फार अभिमान होता.

मुलांच्या स्वतःच्या प्रथा वेगळ्या. पाचवीत आलेल्या प्रत्येक नव्या पोराला आठवीतला एक दादा किंवा ताई मिळायची. रविवारी सगळ्यांनी घरी पत्र लिहायचं. आणि दहावीची पेटी. बोर्डाच्या परीक्षेआधी जानेवारीत दहावीचा वर्ग एक पत्र्याची पेटी जमिनीत पुरायचा. प्रत्येकाने स्वतःला लिहिलेलं पत्र त्यात असायचं. दहा वर्षांनी सगळ्यांनी एकत्र जमून ती उघडायची, असा करार.

या सगळ्यात बायजाबाई कुठे होत्या, तर सगळीकडे होत्या. कुणाला आमटी तिखट लागते, कुणाला ताप उतरल्यावर पेज हवी, कुठली मुलगी घरच्या आठवणीने ताटावरून उठते, हे त्यांना ठाऊक. वय पंचेचाळीसच्या आसपास, काठीसारखं ताठ अंग, कासोटा घातलेलं लुगडं, बोलणं थोडं. शाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या गावात त्यांचं घर. सोळाव्या वर्षी लग्न होऊन त्या गावात आल्या. नवरा जयदेव मिठागरावर होता, त्याही डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहायच्या. पुढे जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, मिठागरं बंद पडत गेली. दोन मुलगे आता कुठे उरणच्या बंदरावर कंटेनरच्या कामाला लागले होते. शाळा सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी बायजाबाई स्वतःहून फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या, काही काम आहे का म्हणून. एवढंच मला माहीत होतं. सहा वर्षं रोज त्यांच्या हातचं जेवून एवढंच.

तो १९९७ च्या जानेवारीतला तिसरा शनिवार. पेटीचा दिवस.

आधीच्या सगळ्या पेट्या झेंड्याच्या खांबाशेजारी पुरल्या होत्या. त्या वर्षी तिथून पाण्याची नवी पाइपलाइन गेली, म्हणून नवी जागा शोधायची होती. ती मी शोधली. फुटबॉलच्या मैदानाच्या पूर्वेकडच्या टोकाला, गोलपोस्टच्या मागे, कुंपणाच्या अलीकडे एक भोकराचं झाड होतं. सावली होती, माती मऊ होती. मी तिथे चुन्याने चौकोन आखला.

सकाळी नऊला दहावीचे बेचाळीस जण जमले. ऋषी कुदळ मारत होता. ऋषी म्हणजे आमचा गोलकीपर, सहा फुटांना टेकलेला, हसरा. केयूर फावड्याने माती ओढत होता. बाकीचे ओरडून ओरडून सूचना देत होते. गुडघाभर खोल गेल्यावर कुदळ दगडावर आपटली. चपटे दगड, एकाला एक लावून बसवलेले. ऋषीने ते उचलून बाजूला ठेवले, आणखी हातभर खणलं. मग केयूर खाली वाकला आणि त्याने मातीतून काहीतरी काळं, गोल उचललं.

"मॅडम, खजिना!"

एकच गलका झाला. ते एक कडं होतं. इतकं लहान, की केयूरच्या चार बोटांतही जाईना. इतिहासाचे प्रितेश सर पळत आले. तरुण होते, उत्साही होते. त्यांनी ते हातात फिरवून पाहिलं आणि चांदी आहे म्हणाले. कुणास ठाऊक किती शतकं जुनं असेल, या किनाऱ्यावर बंदरं होती, आपण पुरातत्त्ववाल्यांना कळवू या. कुणीतरी टूथपेस्ट आणली. नळाखाली घासून घासून मुलांनी अर्धं कडं पांढरं लख्ख केलं. ते हातोहात फिरत होतं. एका मुलीने करंगळीत घालून पाहिलं. मीही हातात घेतलं. मला आठवतं, मी म्हणाले, "किती नाजूक काम आहे!"

जाईच्या डोक्यात तेव्हा बोलीवही आली. जाई दहावीत होती, सोलापूरची, आणि दोन वर्षं तिने बायजाबाईंच्या मागे लागून सव्वाशे शब्द जमवले होते. "मॅडम, मावशींना विचारू याला त्यांच्यात काय म्हणतात?" असं म्हणत ती कडं घेऊन स्वयंपाकघराकडे पळाली. तिच्या मागून मी चालत गेले.

शनिवारी तांदळाच्या भाकऱ्या असायच्या. बायजाबाई परातीपुढे बसून हातावर भाकरी थापत होत्या. जाईने कडं त्यांच्यासमोर धरलं.

"मावशी, हे बघा आम्हाला काय मिळालं! याला तुमच्यात काय म्हणतात?"

भाकरी हातावरून सटकून परातीत पडली. बायजाबाईंनी कड्याला हात लावला नाही. नुसत्या पाहत राहिल्या. मग जाईकडे न पाहता म्हणाल्या, "वाला."

"वाळा? पायातला?"

"न्हान्या पोरीचा." मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "बाई, कुठं खनलाव?"

मी सांगितलं. भोकराचं झाड, गोलपोस्टच्या मागे.

"दगड होतं का वर? लावल्यालं?"

"होते."

"जोडीचा दुसरा हाय तितं. त्याचा घुंगरू तुटला व्हता. तांब्याच्या तारंनी बांधलाय. जा, बगून या."

जाई अजून हसत होती. तिला काही कळलं नव्हतं. मी तिला म्हटलं, तू इथेच थांब. मी मैदानाकडे धावत सुटले. शाळेत मी कधी धावले नव्हते. मुलं बघत राहिली. ऋषी खड्ड्यात उतरून हाताने माती चाळत होता. मी ओरडले, "बाहेर ये!" तो दचकून वर आला. त्याच्या तळहातावर दुसरा वाळा होता. एका बाजूला हिरवी पडलेली तार होती, दोन वेढे, टोकं आत वळवलेली.

आणि त्याच्याबरोबर मातीने माखलेले दोन-तीन पांढुरके तुकडे होते. तो मला विचारत होता, "मॅडम, हे शंखाचे आहेत ना?"

माझ्या चेहऱ्यावरूनच त्याला कळलं असावं. त्याने हात तसाच पुढे धरून ठेवला. ना मूठ मिटता येई, ना खाली टाकता येई. मैदानापलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रेलरचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला.

बायजाबाई मागून आल्या. हाताला पीठ तसंच. त्यांनी पदर पसरला आणि ऋषीला म्हणाल्या, "घाल यात." त्याने घातलं. जाईनेही पहिला वाळा आणून पदरात ठेवला. अर्धा काळा, अर्धा टूथपेस्टने घासलेला. बायजाबाईंनी त्याच्या चकचकीत भागावरून अंगठा फिरवला.

"माझी सखू हाय ही," त्या म्हणाल्या. "नऊ म्हयन्याची. गोवर निंगाली व्हती."

साल त्यांनी सांगितलं नाही, पण नंतर हिशेब लागला. पंचाहत्तर. बावीस वर्षं झाली होती. तिकडच्या रिवाजाप्रमाणे तान्ह्या मुलांना अग्नी देत नाहीत, पुरतात. जयदेवने खड्डा खणला होता, वर मीठ घातलं होतं आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून चपटे दगड बसवले होते. पायांतले वाळे काढायला आलेल्या सासूला बायजाबाईंनी हात लावू दिला नव्हता.

प्रितेश सर मागे उभे होते. ते तसेच वळून स्टाफरूमकडे निघून गेले.

प्राचार्य आले. मोठे शिस्तीचे, पण वाईट नव्हते. त्यांनी बायजाबाईंसाठी खुर्ची मागवली, पण त्या बसल्या नाहीत. ते म्हणाले, "बाई, आम्हाला माहीत नव्हतं हो. आपण असं करू, हे सगळं नीट विधीने दुसरीकडे..."

"उकरू नका. जवरं उगडलंय तवरं झाका."

"ठीक आहे. तुमचं एक आहे म्हणताय तर..."

बायजाबाईंनी मान हलवली. "माझं येकलीचं नाय, सर. गावाची समदी न्हानी पोरं हितंच. मुक्ताबाईचं दोन, थोरल्या जावंचा योक..." त्या बोटांवर मोजू लागल्या. नाव घेत आणि हाताने जागा दाखवत. एक हात भोकराच्या झाडाकडून मैदानाच्या मध्याकडे सरकत गेला, मग गोलपोस्टपाशी थांबला. "हितं दोन." अकरापर्यंत पोचून त्या थांबल्या. "मना ठावं हायती तेवडी."

ऋषी गोलपोस्टशी उभा होता. त्याने पायाखाली पाहिलं आणि बाजूला उडी मारली. मग त्याला कळेना, उडी मारून आपण आता कशावर उभे आहोत. तो तिथेच खाली बसला आणि त्याला उलटी झाली. पाच वर्षं तो त्या दोन खांबांमध्ये रोज संध्याकाळी लोळत होता.

मी बायजाबाईंना आत घेऊन गेले. माझ्या खोलीत बसवलं, पाणी दिलं. वाळे पदरातच होते. मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं, ही जागा शाळेत आली ते?"

"व्हतं की."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"डोंगर कापला, भराव टाकला, काय वलखू येतंय? भोकराची चार झाडं व्हती, येकच रायलं. मना वाटलं व्हतं, ती तुमच्या हॉलखाली गेली."

सभागृहाचा उंबरा, किटली, मातीचे पाय, सगळं एका क्षणात लागलं. आठ वर्षं त्या ज्या फरशीला पाय लावत नव्हत्या, तिच्याखाली काहीच नव्हतं. आणि मैदानावरून त्या रोज सकाळी येत होत्या. गावातून स्वयंपाकघरात यायची त्यांची पायवाट भोकराच्या झाडाखालूनच होती.

"मग नोकरी तरी इथे का धरलीत, बायजाबाई?"

"जवल रावला मिलतं," त्या म्हणाल्या. जणू हे विचारायची गोष्टच नव्हती.

दुपारी सखूला होती तशी पुन्हा ठेवली. बायजाबाई, मी आणि जाई, एवढ्याच. बायजाबाईंनी स्वयंपाकघरातून मीठ आणलं. दोन्ही वाळे आत गेले. मी म्हटलं, एक तरी ठेवा जवळ. त्या म्हणाल्या, "येका पायात घालून कुटं जाईल ती?" दगड त्यांनी स्वतःच्या हाताने लावले.

त्या संध्याकाळी जाई माझ्याकडे तिची बोलीवही घेऊन आली. नववीतली, मी तपासलेली. एक पान उघडून तिने पुढे केलं. तिच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं, 'निजमाळ (उच्चार निजमाल) – जिथे लहान पोरं निजतात ती जागा. बायजामावशींनी सांगितले.' आणि शेजारी समासात लाल शाईत माझी बरोबरची खूण. खाली मी लिहिलं होतं, 'फारच गोड शब्द!'

"मॅडम, मी विचारलंच नाही पुढे," जाई रडत म्हणाली. "मला वाटलं पाळणाघरासारखं काहीतरी."

तिला पुढे विचारायचं सुचलं नाही, ती चौदा वर्षांची होती. मी अडतीस वर्षांची होते. वर्षभर आधी त्या बाईने तो शब्द उच्चारून आमच्या हातात दिला होता आणि आम्ही तो शब्दसंग्रहात घातला होता. वार्षिक प्रदर्शनात ती वही मांडली होती. पाहुण्यांनी कौतुक केलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार, पत्रांचा दिवस. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, या प्रकाराबद्दल लिहिलेली पत्रं तूर्त टाकू नका. पालक घाबरतील, बोर्डाची परीक्षा तोंडावर आहे. मी पत्रं वेगळी काढली. बावन्न निघाली. कपाटात ठेवून कुलूप लावलं. हे मी केलं, कुणी जबरदस्ती केली नव्हती. मंगळवारी मला ते सहन होईना आणि मी सगळी पत्रं बेलापूरच्या पोस्टात नेऊन टाकली. पण ते दोन दिवस माझ्या नावावर आहेतच.

सोमवारी संस्थेचे अध्यक्ष मुंबईहून आले. त्यांनी मैदान पाहिलं आणि ठरवलं, बुधवारी शांत करून घ्यायची. गुरुजी आणायचे, होम करायचा, मग मुलांच्या मनात भीती राहणार नाही आणि पुढच्या शनिवारी आंतरहाऊस फुटबॉलचा अंतिम सामना ठरल्याप्रमाणे होईल. गावाला कळवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. प्रसादाच्या शिऱ्याचं तेवढं स्वयंपाकघराला कळवलं गेलं.

मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा बायजाबाई मोठ्या कढईत रवा भाजत होत्या.

"तुम्ही हे करू नका," मी म्हणाले. "मी सांगते त्यांना."

"पोरांच्या तोंडात जायाचा हाय ना? मंग?" रवा हलवत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी सांगितलाय गावात."

बुधवारी सकाळी दहाला मैदानाच्या मधोमध होम पेटला. अध्यक्ष सोवळं नेसून बसले होते. सगळी शाळा रांगांत उभी होती. मंत्र सुरू झाले आणि पंधरा-वीस मिनिटांनी फाटकाकडून वॉचमनचा आवाज आला. बाहेर बायका होत्या, तो आत सोडत नव्हता. मग तो आवाज थांबला. मला वाटलं, गेल्या.

त्या गेल्या नव्हत्या. बायजाबाईंनी त्यांना वळसा घालून भाजीपाल्याच्या दाराने स्वयंपाकघरात घेतलं होतं. स्वयंपाकघरातून मैदानावर एकामागून एक आठ बायका आल्या. सगळ्यांत पुढे मुक्ताबाई, सत्तरीच्या पुढची, वाकलेली, नातवाच्या खांद्याला धरून. मुक्ताबाई भोकराच्या झाडाशी थांबली, डोंगराच्या एका सुळक्याकडे तोंड केलं आणि पावलं मोजत चालू लागली. चालता चालता दोनदा थांबून परत वळली. मग गोलपोस्ट बरीच मागे टाकून मैदानात आल्यावर तिने हाताने जमीन चाचपली आणि खाली बसली. बाकीच्याही आपापल्या जागा शोधत बसत गेल्या. एक मधल्या वर्तुळात, दोघी शेजारी शेजारी उजवीकडच्या रेषेवर. एकीला जागा आठवेना. ती मैदानभर हिंडत राहिली, या टोकाकडून त्या टोकाकडे, आणि शेवटी होमाच्या अगदी जवळ येऊन बसली.

गुरुजींचा आवाज मध्येच थांबला. अध्यक्ष अर्धवट उठले. प्राचार्य लगबगीने मुक्ताबाईपाशी गेले, बहुधा तिला उठवायला. तिने त्यांच्याकडे पाहून विचारलं, "तुमची शाला कवा सुटते?"

"का, आजी?"

"तवर बसते. पोरं घरला गेली का मी बी जाते."

ही शाळा सुटत नाही, पोरं इथेच राहतात, हे त्या म्हातारीला कसं सांगायचं, प्राचार्यांना कळेना. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ते तिथेच उभे राहिले. दोनशे ऐंशी मुलं पाहत होती. पाचवीतली एक मुलगी मोठ्याने रडू लागली, तिची आठवीतली ताई तिला घेऊन आत गेली. होम आपोआप विझला. दुपारी शिरा कुणी खाल्ला, कुणी नाही. बायकांना ऋषी आणि केयूरने पाणी नेऊन दिलं.

शनिवारचा सामना झाला नाही. तो रद्द केला असं कुणी जाहीरही केलं नाही. दोन्ही संघ कपडे घालून आले, रेषेबाहेर उभे राहिले आणि कुणी आत पाऊल टाकेना. शिट्टी घेतलेले क्रीडाशिक्षक थोडा वेळ थांबले, मग म्हणाले, जा, अभ्यासाला बसा. दहावीची पेटीही त्या वर्षी पुरली गेली नाही. जाईने एकेकाचं पत्र ज्याचं त्याला परत केलं.

पुढचं सगळं काही चांगलं झालं असं मी सांगणार नाही. चार पालकांनी मुलं काढून नेली. एकांनी मला फोनवर विचारलं, स्मशानात शाळा बांधताना लाज नाही वाटली का. संस्थेच्या तीन बैठका झाल्या. मैदान सोडायचं तर दुसरं कुठून आणायचं, असा प्रश्न होता. शेवटी मे महिन्याच्या सुट्टीत पूर्वेकडचा एक तुकडा कमरेएवढ्या भिंतीने वेगळा केला गेला. मैदान तेवढं आखूड झालं आणि गोलपोस्ट अलीकडे आली. भिंत कुठून घ्यायची ते बैठकीत कागदावर ठरलं. बायजाबाईंना विचारावं असं मी लेखी कळवलं होतं, त्याला उत्तर आलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी त्यांना भिंत दाखवायला नेलं. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून पाहिलं.

"आत सा," त्या म्हणाल्या. "भायेर पाच."

"तुमची सखू आत आहे ना?"

"आत हाय." पण त्यांचा चेहरा मोकळा झाला नाही. "मुक्ताबाईची दोनी भायेर हायती. तिला काय सांगू मी?"

मुक्ताबाईला त्यांनी काय सांगितलं ते मला कळलं नाही. म्हातारी पुन्हा शाळेत आली नाही, त्या दिवाळीआधी वारली. भिंतीबाहेरच्या भागावर जुलैपासून पुन्हा खेळ सुरू झाला. नवी मुलं आली होती, त्यांना काय ठाऊक. बायजाबाई मात्र आता सभागृहात येऊ लागल्या. किटली घेऊन थेट व्यासपीठापर्यंत यायच्या. पहिल्यांदा त्या आत आल्या तेव्हा माझ्या हातातले कागद खाली पडले. बाकीच्या कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

जयदेव या सगळ्यात कुठेच नव्हता. वाळ्याला तार बांधणारा तोच, खड्डा खणणारा तोच. पण बायका येऊन बसल्या त्या दिवशी तो गावात असूनही आला नाही. बायजाबाई सांगायच्या, पुरून आले त्या दिवसापासून त्याने पोरीचं नाव तोंडातून काढलं नाही. तिचा पाळणा त्याच संध्याकाळी मोडून चुलीत घातला. नंतर दोन मुलगे झाले, त्यांना सांगितलंसुद्धा नाही, तुमच्या आधी एक होती म्हणून. मुलग्यांना ते कळलं आमच्या शाळेमुळे, विशीच्या आसपास.

ऑगस्टमध्ये एका सकाळी, तिसरा तास चालू असताना, एक माणूस माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला. काळा, वाळलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मी बाहेर गेले.

"तुमी वैजयंतीबाई ना?" तो म्हणाला. "मी जयदेव. बायजाचा घरवाला. कुटं हाय ती?"

"स्वयंपाकघरात असतील. बोलावू?"

"ती नाय." त्याने घसा खाकरला. "पोरगी."

मी वर्ग तसाच सोडून त्याच्याबरोबर गेले. भिंत ओलांडायला त्याने मला हात दिला. मी भोकराच्या झाडाखालची जागा दाखवली. गवत वाढलं होतं. तो बसला नाही, हात जोडले नाहीत. नुसता उभा राहून, समोरचा डोंगर आणि झाड यांत काहीतरी मापल्यासारखं बघत राहिला. "बराबर हाय," स्वतःशीच म्हणाला.

बायजाबाई स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबल्या होत्या. कुणी सांगितलं ते कळलं नाही. त्या पुढे आल्या नाहीत. हातातली पळी तशीच.

जयदेवने टॉवेल सोडून तोंड पुसलं आणि खाली वाकून, नीट ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "सखू."

दारातल्या बायजाबाईंनी चौकटीचा आधार घेतला. मी त्यांच्याकडे धावले. त्यांना दंडाला धरलं. इतक्या दिवसांत, वाळे हातात घेताना नाही, माती लोटताना नाही, त्या बायका मैदानात बसल्या तेव्हाही नाही, पण तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा हुंदका देताना पाहिलं.

"नाव घेतला," त्या म्हणत होत्या. "बाई, आयकलाव ना तुमी? नाव घेतला यांनी."

जयदेव दहा मिनिटं उभा होता. मग भिंत ओलांडून तो कामावर निघून गेला.